निधन, मृत्यू की हत्या? आणि 'कै.'चे काय?

प्रश्न असा आहे: मुंबईत मरण पावलेल्या राजकीय नेत्यांची जुन्यापासून आजपर्यंतची सूची करायची आहे. तारखेच्या रकान्याला 'निधन' म्हणावे की 'मृत्यू', आणि नावाआधी 'कै.' लावावे का?

रकान्याला 'मृत्यू' द्या. 'निधन' आदरार्थी आहे, पण ते नैसर्गिक मरणालाच शोभते. लोकमान्य टिळकांचे (१ ऑगस्ट १९२०, सरदारगृह) किंवा वल्लभभाई पटेलांचे (१५ डिसेंबर १९५०) निधन झाले. आमदार कृष्णा देसाईंची मात्र १९७० मध्ये हत्या झाली; तिथे 'निधन' लिहिणे म्हणजे माहिती दडवणे. प्रमोद महाजनांच्या नोंदीत तारखेचा घोळ होतो. गोळीबार २२ एप्रिल २००६चा, मृत्यू ३ मेचा. रकान्यात ३ मे येईल, कारण शेऱ्यात.

सर्वांत अवघड नोंद सावरकरांची, २६ फेब्रुवारी १९६६. अन्न आणि औषधे सोडून आलेल्या या मरणाला त्यांचे अनुयायी 'आत्मार्पण' म्हणतात. 'प्रायोपवेशन' (अन्न सोडून मरण पत्करणे) हा शब्द नुसती रीत सांगतो, म्हणून शेऱ्यात तोच बरा.

'कै.' म्हणजे कैलासवासी. तो पारशी दादाभाई नवरोजींना (१९१७) किंवा मुस्लिम असलेल्या माजी मुख्यमंत्री अंतुल्यांना (२०१४) कसा लावणार? 'पैगंबरवासी', 'ख्रिस्तवासी' हे शब्द मराठीत आहेत, पण सूचीत धर्मागणिक उपाधी बदलत बसण्यापेक्षा सरसकट 'दिवंगत' लिहावे. खरे तर तेही नको. मृत्यूची तारीख शेजारीच आहे. अंत्यविधीचे तसेच: 'अग्निसंस्कार' सर्वांना चालत नाही, 'अंत्यसंस्कार' चालतो.

'मुंबईत' या शब्दालाही जपा. डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ला दिल्लीत झाले, दादरला अंत्यसंस्कार. विठ्ठलभाई पटेल १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले, दहन मुंबईत. उलट मोरारजी देसाई १९९५ मध्ये मुंबईत वारले, पण अंत्यसंस्कार अहमदाबादला. मृत्यूचे ठिकाण आणि अंत्यसंस्काराचे ठिकाण असे दोन रकाने केले नाहीत, तर ही नावे हमखास चुकतात.

शुद्धलेखनाचे थोडे. सुटा शब्द 'मृत्यू' दीर्घ, समासात ऱ्हस्व: मृत्युस्थळ, मृत्युलेख. 'दुःखद निधन' बातमीत ठीक, सूचीत नको. 'मरणोपरांत' हिंदीतून आलेला, मराठीत 'मरणोत्तर'. आणि टिळकांच्या १ ऑगस्टला 'पुण्यतिथी' म्हणायची रूढी पक्की असली तरी ती तिथी नव्हे, तारीख आहे. सूचीत 'स्मृतिदिन' लिहा.