सलाईनमधून प्लास्टिक जातं का हो?

प्रश्न: डॉक्टर, मी घणसोलीला राहते. मागच्या महिन्यात सासूबाईंना डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट होत्या, अकरा बाटल्या सलाईन चढवलं. आता फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की सलाईनमधून प्लास्टिकचे कण रक्तात जातात. दीर म्हणतायत काचेची बाटली मागायला हवी होती. खरंय का हे?

उत्तर: ताई, मेसेज अगदीच खोटा नाहीये. २०२५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी प्लास्टिकच्या सलाईन बाटल्या तपासल्या तर लिटरमागे साधारण ७५०० कण निघाले, डोळ्याला दिसणारच नाहीत इतके बारीक, आणि खाण्यातून पोटात गेलेलं प्लास्टिक बरंचसं शौचावाटे निघून जातं पण हे थेट शिरेत जातं, म्हणून काळजी. २०२४ ला इटलीतला एक अभ्यास आला, मानेच्या रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरात ज्यांच्या प्लास्टिक सापडलं त्यांच्यात पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पट दिसलं. पण ते प्लास्टिकमुळेच झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि सलाईनचा तर त्यात विषयच नव्हता. डेंग्यूत रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, बीपी पडतो, तेव्हा त्या बाटल्यांनी सासूबाईंना सांभाळलं, त्यांचा हिशोब आता मांडू नका.

दीरांना सांगा, बाटली काचेची घेतली तरी खालची नळी प्लास्टिकचीच असते :) मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या-नळ्यांची भानगड अजून वेगळी, त्यांना मऊ ठेवायला डीईएचपी नावाचं केमिकल घालतात, ते औषधात उतरतं आणि हॉर्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांसाठी हे जास्त महत्त्वाचं. कॅलिफोर्नियाने तर २०३० पासून सलाईनच्या पिशव्यांत त्याला बंदीच घातलीय.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्याकडे ठाण्यात रोज कोणीतरी येतं, "डॉक्टर, वीकनेस वाटतोय, एक बाटली लावा ना ताकदीची." अहो, अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी! ग्लुकोजची लावली तरी कॅलरी एका केळ्याएवढ्या. एवढ्यासाठी हातात सुई, सूज, इन्फेक्शनचा धोका आणि वर हे कण. सासूबाई नीट जेवत-पीत असतील आणि तरी अंगात त्राण नाही म्हणून कोणी बाटली सुचवली तर सरळ नाही म्हणा, डेंग्यूनंतर दोन-तीन आठवडे थकवा राहतोच.