सिगारेटच्या पाकिटातली नट्यांची जुनी कार्डं कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये जुना अल्बम मिळाला, त्यात काडेपेटीहून जरा उंच अशी नट्यांची चाळीसेक कार्डं चिकटवलेली आहेत. ती खरी आहेत का, कुणाची आहेत आणि असली कार्डं जमवण्यात अर्थ आहे का?

आधी एक कळकळीची विनंती. ती अल्बममधून सोडवू नका. मी हा उद्योग केलाय. कोमट पाण्यात चिकटवण सुटते असं ऐकलं होतं. दोन रंगीत छापील कार्डं बिनबोभाट सुटली, हुरूप आला, मग तपकिरी फोटोवालं एक टाकलं. थोड्या वेळाने बघतो तर बाई कार्ड सोडून सायीसारख्या पाण्यावर तरंगतायत! त्या काळचे हे फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर काढत आणि तो कागद जाड कार्डावर चिकटवत. पाण्याला काय, दोन्हीकडची खळ सारखीच.

आता ओळख. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघा, आधी खालच्या पट्टीवरचं सिगारेटच्या छापाचं नाव वाचा. ‘स्वीट कॅपोरल’ असेल तर न्यूयॉर्कची किनी ब्रदर्स, ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’ असेल तर रिचमंडची ॲलन अँड गिंटर, ‘क्रॉस कट’ म्हणजे डरहॅमचे ड्यूक. यातली बरीचशी कार्डं १८८० च्या दशकातली. कागदी पाकीट चेंगरू नये म्हणून आत पुठ्ठा घालत, त्याच पुठ्ठ्यावर चित्रं आली. बॉनसॅकच्या यंत्राने सिगारेटी ढिगाने वळल्या जायला लागल्यावर गिऱ्हाईक ओढायची चढाओढ लागली आणि तंग विजारीतल्या नट्या पाकिटात शिरल्या. ड्यूकच्या धार्मिक वडिलांना हे इतकं खटकलं, की १८९४ साली त्यांनी मुलाला पत्र लिहून ही चित्रं बंद कर म्हणून विनवलं.

यातल्या बऱ्याच जणी पुरुषी वेषात दिसतील, गोंधळू नका. तिकडे प्रहसनांत बायका पुरुषांच्या भूमिका करत होत्या. त्याच दशकात आपल्याकडे किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर लुगडं नेसून टाळ्या घेत होते.

खरंखोटं करायला दहापट भिंग पुरतं. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, सावली सलग उतरते. जुन्या रंगीत शिळाछापात ठिपके वेडेवाकडे पडतात. ठिपक्यांची अगदी आखीव, फुलासारखी नक्षी दिसली तर ते अलीकडचं पुनर्मुद्रण. अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात हल्लीची रसायनं आहेत. ते कार्ड बाजूला ठेवा. डाग, सुरकुत्या, पिवळेपणा यांवर मात्र विसंबू नका, चहात बुडवून तेवढं कुणीही करतं.

नाव छापलेलं नसेल तर मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर जेफरसन बर्डिक या कार्डसंग्राहकाचा संग्रह चाळा. संचांना क्रमांक त्यांनीच दिले, ‘एन’ म्हणजे एकोणिसावं शतक, ‘टी’ म्हणजे विसावं. स्वीट कॅपोरलच्या नट्या एन२४५ मध्ये येतात. तरीही पत्ता लागला नाही तर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतले नाटकवाल्यांचे जुने कॅबिनेट फोटो, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले मोठे फोटो, बघा. पोज, कानातलं, पाठीमागचा पडदा जुळवा. नुसत्या नाकावरून ‘ही लिली लँगट्री’ असं ठरवू नका. विकणाऱ्यांना प्रत्येक बाई लँगट्री नाहीतर लिलियन रसेल, या त्या काळच्या गाजलेल्या नट्याच दिसते.

जमवायला लागाल तर एकच संच धरा आणि कोपऱ्यांपेक्षा फोटोचा गडदपणा बघून घ्या. फिकट पडलेला चेहरा परत येत नाही, दुमडलेल्या कोपऱ्याने काही बिघडत नाही. माझी बहुतेक कार्डं पाच-दहा डॉलरांत आली. त्याच काळातल्या ‘ओल्ड जज’ पाकिटातल्या बेसबॉल खेळाडूंसाठी लोक हजारो डॉलर मोजतात आणि शेजारच्या नटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते आपल्या पथ्यावरच पडलंय.