बाराखडी पाठ आहे पण वाचता येत नाही, मग शाळेत शिकवायची नेमकी योग्य पद्धत कोणती?

तुमची मुलगी दुसरीत आहे, बाराखडी घडाघडा म्हणते पण 'मगर' वाचायला दिलं की अडते आणि एकोणतीस सांगितलं की 39 लिहिते, असं तुम्ही लिहिलंय. मी घणसोलीत पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेते, अशी मुलं दर जूनला येतातच, तेव्हा आधी तिला ओरडणं बंद करा.

बाराखडी म्हणणं म्हणजे वाचणं नाही हो. माझ्याकडे एक मुलगा कमळाचा धडा बोट फिरवत खणखणीत 'वाचायचा', मी चित्रावर हात ठेवून मधलाच 'मळा' दाखवला तर माझ्याच तोंडाकडे बघत बसला. मग क, म, ळ, ल आणि काना एवढंच घेतलं, त्यातून माळ, काळा, कमाल, मामा, आणि थोड्या दिवसांत न शिकवलेला 'कला' त्याने स्वतः जोडला. क ते ज्ञ संपायची वाट बघायचीच नाही, चार अक्षरं आली की लगेच शब्द. अक्षर आणि आवाजाची जोडी थेट शिकवावी हे अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनेही 2000 साली सांगितलं, ते इंग्रजीबद्दल होतं, पण आपल्याकडेही 'कि'ची वेलांटी आधी दिसते आणि ऐकू नंतर येते, ते पोरांना कोणी सांगतच नाही.

दुसरं म्हणजे इयत्ता बघून नाही, मूल कुठे आहे ते बघून शिकवायचं. असर म्हणजे मुलांना वाचता येतं का ते घरोघरी जाऊन बघणारं सर्वेक्षण, ते असरवाले अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घेतात, काही मिनिटांचं काम आहे. 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकवणाऱ्या मुली, मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायच्या, मुंबई आणि बडोद्यात त्याचा अभ्यास झाला आणि फरक दिसला, करणाऱ्यांमध्ये 2019 चे नोबेलवाले बॅनर्जी आणि डुफ्लो होते. आपल्या शाळांत मात्र पोर्शन पुढे पळतो.

गणितात तर चूक तिची कमी, आपल्या भाषेची जास्त. एकोणतीसमध्ये कानाला तीस ऐकू येतं, ती तीनच लिहिणार ना! 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस नऊ' पण आलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जोक्स फिरले, मीही दोनचार फॉरवर्ड केले, आता वर्गात तेच वापरते. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, दोन गठ्ठे नऊ सुट्या, आधी तिला 'वीस नऊ' म्हणू दे, मग आणखी एक काडी घालून तीस करून दाखवा, एकोण म्हणजे एक कमी हे तिथेच कळतं. रबरबँड जास्तीचे आणा, निम्मे एकमेकांना मारण्यात जातात.