गोड समोर आलं की राहवत नाही?

"मॅडम, बाकी सगळं जमतं हो, पण गोड दिसलं की राहवतच नाही." गणपतीपासून दिवाळी सरेपर्यंत हे वाक्य समुपदेशन करताना माझ्या कानावर सारखं पडतं; एरवीही काही कमी नसतं. बोलणारे बहुतेक जण स्वतःवर चिडलेले असतात. 'महिनाभर साखर बंद' अशी शपथ घेऊन ती मोडलेली असते. त्यांच्यासाठी सुजाताताईंची हकिगत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय ४२. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला नोकरी. दुपारी १ वाजता डबा, मग थेट रात्री ९ वाजता जेवण. मधे फक्त चहा. रात्री सगळे झोपले की त्या फ्रिज उघडायच्या, दारात उभ्यानेच मुलाचं चॉकलेट संपवायच्या आणि त्याचा चंदेरी कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात भाजीच्या देठांखाली दडपायच्या. "स्वतःच्याच घरात चोरासारखं वाटतं," म्हणताना त्यांना रडू आवरेना.

आधी पोटाकडे पाहिलं. आठ तास उपाशी राहिलेलं शरीर रात्री गोड मागणारच. संध्याकाळी ५ वाजता मूठभर चणे-शेंगदाणे आणि रात्री तासभर लवकर झोप, एवढ्याने ओढ बरीच उतरली. पण संपली नाही. मग मनाकडे वळलो.

"फ्रिजसमोर नेमकं काय होतं?"

"सहनच होत नाही. खावंच लागतं."

"उपवास करता का?"

"संकष्टी. लग्नाआधीपासून."

"त्या दिवशी ऑफिसात कुणी मोतीचुराचे लाडू वाटले तर?"

"घेते, डब्यात ठेवते. चंद्रोदय झाला की रात्री जेवताना खाते."

"दिवसभर तोंडाला पाणी सुटत नाही?"

"सुटतं की! पर्स उघडली की वास येतो."

"मग तेव्हा सहन कसं होतं?"

त्या थांबल्या. "अहो, तो देवाचा उपवास."

"श्रद्धा मोठी आहेच. पण लाडू तोच, जीभही तीच. त्या दिवशी मनाशी काय वेगळं बोलता?"

बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मी मुद्दाम काही बोलले नाही. मग सावकाश म्हणाल्या, "त्या दिवशी मी 'सहन होत नाही' असं म्हणतच नाही. खावंसं वाटतं, पण आत्ता नाही, एवढंच."

हे उत्तर माझ्या तोंडून आलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा फ्रिज उघडला असता. ते त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला फार समाधान आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझं काम उभं आहे, आणि तिचं सार मला या संवादात दिसतं. गोड आवडणं ही इच्छा आहे, त्यात गैर काही नाही. 'मला ते आत्ता मिळालंच पाहिजे, नाहीतर सोसवणार नाही' ही झाली मागणी. इच्छा घालवायची गरज नसते. मागणी तेवढी सोडायची. न खाण्याचा त्रास होतो, हे खरंच. तो असह्य असतो, हे मात्र खरं नाही. सुजाताताई दर महिन्याला ते सिद्ध करत होत्या.

म्हणून रोज उपवास करा, असं मी अजिबात सुचवत नाही. कायमच्या बंदीने ओढ उलट वाढते, असा माझा अनुभव आहे. आम्ही ठरवलं ते साधं होतं. ओढ आली की २० मिनिटं थांबायचं आणि मनाशी म्हणायचं, "खावंसं वाटतंय, थांबणं जड जातंय, पण मी हे सोसू शकते." ओढ चढते तशी उतरतेही, ती उतरताना एकदा तरी अनुभवावी लागते. त्यानंतरही हवंच असेल तर दोन तुकडे बशीत घेऊन, बसून, सगळ्यांदेखत खायचे.

काही रात्री जमलं, काही रात्री अख्खं चॉकलेट गेलं. तेव्हा दुसरी गाठ दिसली: "मोडलंच आहे तर संपवून टाकू. मी अशीच, ताबा नसलेली." एक तुकडा जास्त खाल्ला, ही एक कृती झाली. तिच्यावरून अख्ख्या माणसाला नापास करायचं, मग त्या दुःखावर पुन्हा गोडच खायचं, हे चक्र मी फार घरांत पाहिलं आहे. स्वतःला शिव्या घालून संयम येत नाही. पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल, एवढंच विचारा.

त्यांनी मुलालाही खरं सांगितलं. आता चॉकलेट आणलं की दोघं वाटून घेतात. गोड अजून तितकंच आवडतं त्यांना.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असताना अचानक घाम, थरथर, चक्कर आली तर थांबण्याचा सराव करू नका. साखर उतरलेली असू शकते, लगेच साखर घ्या आणि डॉक्टरांना कळवा. आणि ताबा सुटून खूप खाणं, मग मुद्दाम उलट्या काढणं असं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.