हप्ता गुरुवार पाळत नाही

प्रश्न : मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) सेटर आहे, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देतो. स्वतःचं मशीन घ्यायचं आहे. 30 लाखांचं कोटेशन आलंय, बँक 80 टक्के देईल. उरलेल्या 6 लाखांसाठी राजगुरुनगरची जमीन गहाण टाकू का? सासरे म्हणतात, त्यापेक्षा हॉटेल टाका.
– एक वाचक, मोशी

उत्तर : सासऱ्यांचं तूर्त राहू द्या. तुमचा हात मशीनवर बसलाय, गल्ल्यावर नाही. पण कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं ते आधी बघा. 30 लाखांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5 लाख 40 हजार. पुढे सेट-ऑफ मिळतो, म्हणजे तुमच्या बिलांवरच्या जीएसटीतून तो वळता होतो, पण आज पैसे मोजावेच लागतात. वर कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, शेडचं डिपॉझिट. आणि टूलिंग, म्हणजे कापायची हत्यारं आणि ती धरणारे होल्डर! तिथेच नवा माणूस हात आखडता घेतो. मशीन झकास आणि हत्यारं ठेवायच्या मॅगझिनमध्ये चारच होल्डर.

आता हप्ता. 24 लाख, साडेदहा टक्के व्याज, 5 वर्षं धरा : महिन्याला साधारण 51,600 रुपये. एका शिफ्टचे महिन्याला 200 तास पकडले, तर तासाला 258 रुपये नुसते हप्त्यालाच गेले. दोन शिफ्ट भरल्या तर 129. भाडं, वीज, ऑपरेटर वेगळे. गुरुवारी एमआयडीसी बंद असते, हप्ता नाही. मालकाकडे किती तास भरतात ते तुम्ही रोज बघता. तुमच्याकडे किती भरतील, हे एखाद्या तरी पार्टीने कबूल केलंय का? नसेल, तर आधी ओळखीच्या शॉपमध्ये रात्रपाळीचे रिकामे तास भाड्याने घ्या आणि त्यावर स्वतःचे जॉब काढा.

उधारीचं म्हणाल तर, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असली की लघुउद्योगांसाठीच्या 2006च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. पण पहिल्याच वर्षी पार्टीला कायदा कोण दाखवतो? तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच उतरा.

जमिनीला हात लावू नका. मार्जिन मनी, म्हणजे तुम्ही घालायचे 6 लाखही कर्जाचेच असतील तर हप्ते दोन होतील. बँकेने 24 लाखांना तारण मागितलं, तर सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीवर विनातारण देता का, असं स्पष्ट विचारा. शाखेत आपणहून कोणी सांगत नाही.

6 लाख जमत नसतील तर जुनं मशीन बघा. दोष कळू नयेत म्हणून विकणारा ते आधीच चालवून गरम करून ठेवेल. तुम्ही सकाळी लवकर जा, थंड मशीन समोर चालू करायला लावा आणि स्पिंडलचा, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या दांड्याचा आवाज ऐका. तासाभराने त्यात टेस्ट बार (तपासणीची सरळ दांडी) लावून डायलने (मोजणीच्या घड्याळाने) ती किती डगमगते ते बघा. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.