स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर संबंधांच्या वेळी दुखते. औषधांशिवाय काय करता येईल आणि किती दिवसांत फरक पडेल?

आपण लिहिले आहे की उपचार संपून वर्ष झाले, लेट्रोझोल ही कर्करोग परतू नये म्हणून घ्यायची गोळी चालू आहे, संबंध वेदनादायक झाले आहेत आणि घरातल्या मोठ्यांनी ‘जीव वाचला, आता आणखी काय हवे’ असे सुनावले आहे. हे शेवटचे वाक्य आपल्या प्रश्नात नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते, कारण नेमके हेच मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ऐकवले होते.

नागपुरात महाल भागात आमचे एकत्र कुटुंबाचे जुने घर आहे. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया करून मी घरी आले, तेव्हा जाऊबाईंनी माझी खाट मधल्या खोलीत हलवून ठेवलेली होती. एक तर संसर्ग नको आणि दुसरे म्हणजे ‘तसले काही’ केले की आजार उलटतो, अशी त्यांची दोन कारणे होती. कर्करोग स्पर्शाने लागत नाही आणि संबंधांमुळे परतही येत नाही, हे मी, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई, त्यांना परोपरीने सांगत होते आणि यजमान मात्र खाली मान घालून जेवत होते. पुढे मे महिना आला, पारा पंचेचाळिसाला टेकला, त्यात माझ्या अंगातून वेळी-अवेळी गरम वाफा निघत, आणि घरातला मोठा कूलर आमच्या खोलीत होता, म्हणून माझी खाट परत तिथे आली. त्या कूलरच्या घरघरीत, शेजारच्या खोलीत काही ऐकू जाणार नाही याची खात्री झाल्यावर, यजमानांनी सांगितले की टाक्यांच्या जागी हात लागून मला दुखेल, या भीतीने ते दूर राहत होते. मी तोवर ती किळस समजत होते.

म्हणून माझे ठाम मत असे की पहिला उपाय बोलण्याचा आहे आणि तो दोघांतच व्हावा. दुखण्याचे मूळ मात्र शरीरात आहे. लेट्रोझोलसारख्या गोळ्या इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अगदी खाली आणतात, त्यामुळे योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. यात प्रेम आटल्याचा काही संबंध नाही. त्यासाठी हार्मोन नसलेले योनीमार्गाचे मॉइश्चरायझर, उदाहरणार्थ हायलुरॉनिक आम्लाचे जेल, संबंध असोत वा नसोत, आठवड्यातून किमान दोन-तीन वेळा नियमाने वापरावे लागते. या गोळ्या घेणाऱ्यांना अनेकदा त्याहून जास्त वेळा लागते. संबंधांच्या वेळचे ल्युब्रिकंट वेगळे, आणि ते पाण्याचा किंवा सिलिकॉनचा आधार असलेले, सुगंध नसलेले घ्यावे. धंतोलीतल्या एका औषधाच्या दुकानात मी हळू आवाजात ‘जेली’ मागितली, तर त्या मुलाने मला बधिर करणारी लिग्नोकेनची जेली दिली. तेव्हा नाव कागदावर लिहून न्या आणि डबीवरचे वाचूनच पैसे द्या.

दुखण्याच्या भीतीने पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू आपोआप आवळले जातात. अशा वेळी नुसते आवळण्याचे व्यायाम करू नयेत. आधी ते सैल सोडायला शिकावे लागते, आणि हे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. गरज वाटल्यास त्या लहानापासून मोठ्या आकाराकडे नेणारे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्या, वापरायलाही शिकवतात. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी रूढ केलेली स्पर्शाची पद्धतही उपयोगी आहे: काही आठवडे संबंध वर्ज्य, केवळ स्पर्श, आणि काय बरे वाटते ते सांगायचे. मी सुती बनियन अंगात ठेवत असे आणि सूज येणाऱ्या हाताखाली उशी घेत असे. त्याने पुष्कळ फरक पडला. समुपदेशनाचे म्हणाल, तर नेदरलँड्समधील १६९ स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून दिलेल्या वर्तन-उपचाराने इच्छा वाढली आणि त्रास कमी झाला, पण पतीपत्नींच्या जवळिकीत फारसा बदल दिसला नाही. मला त्यात नवल वाटत नाही, कारण बाईने एकटीने शिकायचे आणि नवऱ्याने नामानिराळे राहायचे, ही पद्धत आमच्याकडेही चालत नाही.

किती दिवसांत, याचे उत्तर प्रत्येकीचे वेगळे. पण आठ दिवसांत सोडून देऊ नका.

आता थोडे सावधगिरीचे. रक्त गेले तर ते कोरडेपणाचे समजून न बसता डॉक्टरांना दाखवावे. कोरडेपणाला कंटाळून लेट्रोझोल स्वतःहून बंद करू नये; गोळी बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि ते विषय काढत नसतील तर आपण काढावा, कारण बहुतेक वेळा ते काढतच नाहीत. केमोने पाळी थांबली म्हणून गर्भ राहणारच नाही असे नसते. गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला चालत नाहीत, आणि निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल टाळा, त्याने रबर कमकुवत होते.

शतावरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जाऊबाईंनी मला ‘शक्तीसाठी’ शतावरी कल्पाचा डबा आणून दिला होता. माझा कर्करोग हार्मोनवर वाढणारा असल्याने मी तो आधी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी नको म्हटले, आणि ते मी जाऊबाईंना सर्वांसमोर, जेवणाच्या पंगतीतच सांगितले.