गोव्यातलं आजोबांचं जुनं घर दीड लाखात, फक्त रंग आणि घरातल्याच जुन्या वस्तू वापरून नीट करता येईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. फोंडा तालुक्यात आजोबांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. भिंतींना जुना पिस्ता रंगाचा ऑइल पेंट आहे, त्याचे पोपडे सुटलेत, खालून ओल चढते. हातात दीड लाख आहेत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं कुटुंब जमतं, त्याआधी घर उजळायचंय. दुकानदार म्हणतो पुट्टी भरून प्लास्टिक इमल्शन मारा. आणि एक गिऱ्हाईक आजोबांचं सागवानी आर्मार, म्हणजे कपाट, विकत मागतंय.

होतं, आणि चांगलं होतं. मी माशेलला असंच एक घर हाताळलंय, त्यावरून सांगतो. पण दुकानदाराचं ऐकू नका, आणि चवथीच्या तोंडावर तर ब्रशला हातच लावू नका.

आधी वेळेचं बोलू. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा म्हणजे जांभा, हा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो. जुलै-ऑगस्टमध्ये तुमची भिंत हाताला कोरडी लागली तरी आतून भरलेली असते. तिच्यावर मारलेला कुठलाही रंग पुढच्या उन्हाळ्यात सुटणार. रंगकामाचे दिवस म्हणजे दिवाळी ते शिगमो, म्हणजे होळीपर्यंत. दिवाळीनंतर महिनाभर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा, घराला वारा लागू द्या, मग काम सुरू करा. येत्या चवथीला घर धुऊनपुसून, भांडी लखलखीत करून माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधा. पाहुण्यांना पोपडे दिसले तर दिसू देत.

आता पैसे. दीड लाखातला निम्मा भाग मी पाण्यावर खर्च करीन. पाण्यावर म्हणजे पाणी घरात येऊ नये यावर. छपरावर माणूस चढवून फुटके नळे, म्हणजे कौलं, बदला, सगळे एकदा परतून घ्या. कोन्यावरचा, म्हणजे छपराच्या माथ्यावरचा, मसाला तडकला असेल तर तो नवा भरा, गळती बहुतेक तिथूनच असते. वासे-पट्ट्या कुजल्यात का ते त्याच वेळी दिसेल. नळे परतताना रांधणीवर, म्हणजे स्वयंपाकघरावर, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीवर एकेक काचेचं कौल बसवून घ्या. खर्च किरकोळ, पण आपल्या घरांची पाखं खाली उतरलेली असल्यामुळे आत जो कायमचा काळोख असतो, तो अशा एका कौलाने जितका जातो तितका कुठल्याही पांढऱ्या रंगाने जात नाही.

मग घराभोवती फिरा. कुणीतरी कधीतरी भिंतीला लागून सिमेंटचा कोबा घातला असेल, किंवा खालच्या दोन-तीन फुटांना सिमेंटचा गिलावा केला असेल. हे हमखास सापडतं. जमिनीतून वर चढणारी ओल आधी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सुकून जायची. सिमेंटने तिची वाट बंद केली की ती भिंतीतच वर सरकते आणि सिमेंट जिथे संपतं तिथे पांढरा खार घेऊन बाहेर पडते. तुमचे पोपडे कंबरेच्या उंचीवर जास्त आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच. तो सिमेंटचा पट्टा काढून तिथे चुना-रेतीचा गिलावा करून घ्या, एक भाग चुना आणि तीन भाग रेती. मेस्त, म्हणजे गवंडी, नाक मुरडेल, सिमेंटच मजबूत म्हणेल. ठाम राहा.

पुट्टी आणि प्लास्टिक पेंट नको, त्याचंही कारण हेच. प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीवर चिकटवलेला पापुद्रा. मागून ओल ढकलते आणि त्याला फुगे येतात. नव्या सिमेंटच्या फ्लॅटला तो ठीक, चिऱ्याच्या घराला चुनाच.

पण चुना ऑइल पेंटवर धरत नाही, म्हणून जुना रंग उतरवावा लागेल, आणि इथे सावध राहा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तुमचा पिस्ता रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही, आगीने भाजून रंग काढायचा नाही. भिंत पाण्याने भिजवत पत्र्याने खरवडायची, खाली प्लास्टिक अंथरायचं, पडलेले पापुद्रे पिशवीत बांधायचे. ते कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, किंवा विहिरीजवळ टाकू नका. त्या दिवसांत पोरं आणि गरोदर बाई घरात नको.

आणि सगळी भिंत एकदम खरवडायला सांगू नका. वसरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर, छताखालच्या पट्ट्यात, हातभर जागा आधी स्वतः हळूहळू उघडा. माशेलला आम्ही उघडली तेव्हा पिस्ता रंगाखाली गुलाबी निघाला, त्याच्याखाली फिकट पिवळा, मग नीळ घातलेल्या चुन्याचे एकावर एक पातळ थर, आणि तळाला तांबडी काव, म्हणजे लोखंडी तांबडी माती, तिच्यात कोरलेली कमळाच्या पाकळ्यांची वेल. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन तो सुकायच्या आत टोकदार हत्याराने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा दिसतो, अशी ही कावी कला. मोरजीच्या मोरजाई देवळात ती पाहता येते. तुमच्या घरात असेलच असं नाही. पण असली तर मजुराच्या एका दुपारच्या कामात ती कायमची जाईल. सापडली तर तेवढी जागा मोकळी ठेवा, तिच्यावर काहीही मारू नका. आणि नाही सापडली तरी त्या हातभर जागेत तुमच्या घराचे जुने रंग ओळीने दिसतील. शेड कार्ड घेऊन बसण्यापेक्षा त्यांतलाच एक निवडा. आमचा फिकट पिवळा असाच निवडला.

चुना कसा करायचा ते सांगतो, कारण नव्या पेंटरांना सहसा माहीत नसतं. आपल्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करत, अजून कुठे मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला कळीचा चुना घ्या. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी. विरवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, पत्र्याचं पिंप घ्या, डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे घाला. एक दिवस तसाच राहू द्या, मग जाड्या कापडातून गाळा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक दहा लिटरमागे चाळीस ग्रॅम घातला की हाताला लागणं कमी होतं. पांढरा हवा असेल तर किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत नीळ, जास्त नाही. रंग हवा असेल तर काव किंवा पिवळी माती, म्हणजे लोखंडी मातीचेच रंग. दुकानातले सगळे स्टेनर चुन्यात टिकत नाहीत, काही उडून जातात. भिंत आधी ओली करून पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. ओला असताना चुना पाण्यासारखा दिसतो, पेंटर घाबरून जाड करायला बघतो, करू देऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू पुन्हा दगड होतो आणि मगच तो पांढरा फटक पडतो. जाड थर दगड व्हायच्या आधीच सुकतो आणि भुकटी होऊन पडतो.

बाहेरून आणि वसरीत खालचा दोन फुटांचा पट्टा कावेचा ठेवा. आपली माती तांबडी, पहिल्या पावसात तिचे शिंतोडे भिंतीवर उडतात, आणि कावेवर ते दिसतच नाहीत. जुन्या लोकांनी तो पट्टा उगाच काढला नव्हता.

वायरिंगवर काटकसर नको. परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, बसवा. दीड लाखाचा चौथा हिस्सा तिकडे गेला तरी जाऊ द्या. तांबड्या ऑक्साइडची जमीन असेल तर टाइल्स अजिबात नकोत. साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण सुकवून, मेणाचं पॉलिश पातळ लावून चोळा. एवढ्यावर ती आरशासारखी होते.

आता वस्तू. तुम्ही लिहिलंय की आजीची भांडी, भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं), समया, पाट, पेटारा हे सगळं एका खोलीत 'गोवन कॉर्नर' करून मांडायचा विचार आहे. मला तो विचार पटत नाही. वस्तू कोपऱ्यात मांडली की तिच्यावर फक्त धूळ बसते, आणि चार वर्षांनी ती पुन्हा माळ्यावर जाते. ती कामाला लावा. पेटारा वसरीत ठेवा, त्यात पाहुण्यांच्या चादरी आणि वाकळी. पाट जेवणाघरात, चवथीला पंगत त्याच्यावरच बसू दे. भाण न्हाणीत असेल तिथेच राहू दे, आणि शक्य असेल तर चुलीवर पाणीही त्यातच तापवा. लामणदिवा देवघराच्या बाहेर टांगा आणि दिवेलागणीला तो खरोखर लावा. फणसाच्या लाकडाचं मेज असेल तर तेच जेवणाचं टेबल, नवं घेऊ नका. पितळेला चिंच आणि मीठ किंवा आमसुलाचं पाणी चोळा, लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा. आंबट तसंच राहिलं तर डाग धरतात. तांब्या-पितळेच्या ज्या भांड्यात शिजवायचंय त्याला आधी कल्हई.

लाकडाचं थोडं विस्ताराने, कारण खरा फरक इथेच दिसतो. फर्निचरवरही तोच ऑइल पेंट असेल, तो तसाच भिजवून उतरवा. आत सागवान किंवा फणस निघाला की लोक हौसेने चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करतात. ते सुंदर दिसतं, पण पाण्याने पांढरं पडतं, आणि आपल्या पावसाळ्यात पाणी हवेतच असतं. रोज वापरायच्या वस्तूला मी जवसाचं पक्कं तेल लावतो, थोडं टर्पेंटाइन घालून. फडक्याने पातळ लावायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढायचं, दोन दिवसांनी पुन्हा. त्या तेलाची फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. एकेक पसरून उन्हात सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकडाखाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे. त्याचा बंदोबस्त आधी, पॉलिश नंतर.

आजोबा-आजींचे फोटो ओल्या भिंतीला टेकवून टांगू नका. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. मूळ फोटो स्कॅन करून कपाटात, भिंतीवर प्रत. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या तकत्या असतील तर एकही फेकू नका. एका खिडकीतल्या धड तकत्या दुसरीत भरून निदान समोरच्या दोन खिडक्या पुऱ्या करा. सकाळच्या उन्हात त्यांच्यातून जो मऊ उजेड वसरीत पडतो त्याच्यापुढे कुठलाही पडदा फिका.

शेवटी आर्मार. विकू नका, आणि विकायचं ठरवलंत तरी तुम्हाला एकट्याला ते विकता येणार नाही. घर आजोबांच्या नावावर असेल आणि वाटण्या झाल्या नसतील तर आतल्या सामानावरही सगळ्या वारसांचा हक्क आहे, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचाही. गोव्यात वाटणी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची आणि वारसांची यादी, करून होते, त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. भांडणाला नंतर तोंड फुटतं ते जमिनीपेक्षा अशाच एखाद्या कपाटावरून. रंगाचं काम सुरू व्हायच्या आधी घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूचा फोटो काढा, वहीत यादी करा, कुठली वस्तू कुठल्या खोलीत ठेवणार तेही लिहा आणि सगळ्या भावंडांना पाठवा. आमच्याकडे यादी फिरल्यावर मुंबईच्या आतेबहिणीने समयांची हरवलेली जोडी स्वतःहून परत आणून दिली. गिऱ्हाइकाला सांगा, घर अजून सगळ्यांचं आहे. आणि आर्मारचे खण उघडून खालच्या पाट्या तपासा. ओल्या भिंतीला टेकून उभं असेल तर आजच चार बोटं पुढे ओढा.